मुलीला कोणी विचारले होते का?

कोणाच्याही घरी जुन्या लग्नांचा विषय निघाला, म्हणजे पणजीचे किंवा खापरपणजीचे लग्नातले वय हटकून निघते. "आठव्या वर्षी उजवली", "नवव्या वर्षी पाटावर बसवली, तर होमापुढेच झोप लागली", "सासरी जाताना बाहुली बरोबर नेली होती" अशा हकिकती आपण ऐकतो, हसतो आणि पानात वाढलेल्या पदार्थाकडे वळतो. त्या हकिकतींत नवऱ्या मुलाचे वय असते, हुंडा असतो, पंक्ती किती उठल्या तेही असते. मुलीला कोणी विचारले होते का, एवढी एकच गोष्ट त्यांत नसते. विचारण्याची रीतच नव्हती, म्हणून ती सांगण्याचीही रीत पडली नाही.

बालविवाहाचा इतिहास बहुधा वयाच्या आकड्यांनी सांगितला जातो. कायद्यात आधी १० वर्षे होती, मग १२ झाली, पुढे १४, १५ आणि शेवटी १८. हा हिशेब खरा आहे. परंतु या आकड्यांच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न शंभराहून अधिक वर्षे उभा आहे, आणि तो प्रथम कोर्टात नेला तो आपल्या मुंबईच्याच एका मुलीने. मंडळाच्या वर्धापनदिनी तिची आठवण करावी, आणि तिच्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते थोडक्यात पाहावे, म्हणून हा लेख.

आधी त्या काळची रीत ध्यानात घेऊ. सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० साली झाले, तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे ११व्या वर्षी, १८७३ साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी आल्या. रानड्यांचे वय तेव्हा ३१ होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनाही वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवावी लागली. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, यांचे पहिले लग्न ८व्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. विधवा म्हणजे काय हे कळण्याचेही ते वय नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, तेथे त्यांना शिक्षण मिळाले, आणि १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, म्हणून त्यांचे नाव आज आपण घेतो. ज्यांना सदन मिळाले नाही आणि कर्वेही भेटले नाहीत, त्या हजारोंची नावे कोणत्याच वहीत नाहीत.

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. ९व्या वर्षी लग्न झाले, १४व्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. वेळेवर औषधोपचार मिळाला असता तर मूल वाचले असते, ही टोचणी त्यांना लागली. बायकांना बायकांकडूनच औषध मिळावे म्हणून त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय पुरते २२ही नव्हते. आपण त्यांच्या धैर्याचे गुण गातो, ते योग्यच आहे. पण त्या धैर्याच्या मुळाशी चौदा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण आहे, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. आईबापांना का मुलगी जड झाली होती? नव्हती. मुलीचे लग्न तिला न्हाण येण्यापूर्वी झाले पाहिजे, नाहीतर बापाला दोष लागतो, अशी समजूत होती. जातीत नाव जाईल, चांगले स्थळ हातचे जाईल, थोरलीबरोबर धाकटीचेही उरकले तर खर्च वाचेल, असे हिशेबही होते. आईबाप प्रेमळ होते आणि तरीही मुलीचा घात होत होता. या विषयातली अवघड गोष्ट हीच आहे. दुष्ट माणसाला आवरायला शिपाई पुरतो. प्रेमाने चुकणाऱ्याला आवरायचे कसे?

आता त्या मुलीकडे वळू. रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. त्यांच्या जातीत स्त्रीच्या पुनर्विवाहाला मुभा होती. आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. रखमाबाईंचे लग्न ११व्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. ते १९-२० वर्षांचे होते. सावत्र वडील स्वतः डॉक्टर असल्यामुळे कोवळ्या मुलीला नांदायला पाठवणे त्यांना मान्य नव्हते. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरी पुस्तके आणून शिकल्या, इंग्रजी वाचू-लिहू लागल्या, आर्य महिला समाजात जाऊ लागल्या. इकडे दादाजींनी शिक्षण सोडले, त्यांची प्रकृतीही ढासळली आणि ते नातेवाइकांच्या आश्रयाने राहू लागले. वर्षे गेली तशी मुलगी सज्ञान झाली आणि या घरी नांदायला जायचे नाही असे तिने ठरवले.

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको मला मिळावी. रखमाबाईंनी उत्तर दिले, की हे लग्न मला कळत नव्हते अशा वयात झाले. त्याला माझी संमती नव्हती. म्हणून मला या घरी जाण्याची सक्ती करता येणार नाही. भगिनींनो, त्या काळी बायकोने नांदायला जायचे नाकारले तर तिच्यावर काय काय आळ येत असत, हे आपल्याला सांगायला नको. रखमाबाईंनी तो सारा गाजावाजा अंगावर घेतला. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे लिहिली. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी आदल्याच वर्षी या दोन्ही विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून वाद उठवला होता. परंतु तोवर या विषयावर बोलत होते ते बहुतेक पुरुष. ज्या पायात काटा रुतला त्या पायाने बोलावे, असे या पत्रांत घडले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. कधीही एकत्र न राहिलेल्या तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे हे त्यांना क्रूरपणाचे वाटले. यावर मोठे काहूर माजले. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी निकालावर कडाडून टीका केली. हिंदूंच्या लग्नात परक्या सरकारच्या न्यायाधीशाने हात घालू नये, असे पुष्कळांचे मत होते. १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. २२ वर्षांच्या मुलीने घरसंसारापेक्षा तुरुंग बरा म्हणावे, याचा अर्थ लावायला सुधारकांना आणि सनातन्यांना दोघांनाही जड गेले असेल.

शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेऊन आपला हक्क सोडला. तुरुंग टळला, पण प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. रखमाबाईंनी विचारले होते, माझी संमती नसता हे लग्न कसे? शेवटी पैशाने प्रकरण मिटले. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात घालण्याचा तो नियम १९२३ सालापर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिला. रखमाबाई मात्र विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या, सुरत आणि राजकोट येथील बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे सेवा केली आणि १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी हिंदू विवाहाचा नवा कायदा झाला.

रखमाबाईंचा खटला मिटतो न मिटतो तोच कलकत्त्याहून एक भयंकर बातमी आली. फुलमणी नावाची सुमारे १० ते ११ वर्षांची मुलगी, तिचा नवरा हरिमोहन मैती तिशी ओलांडलेला. नवऱ्याने केलेल्या संगामुळे ती रक्तस्राव होऊन मेली. १८९० साली त्याच्यावर खटला चालला. १८६० च्या दंडसंहितेत बायकोच्या बाबतीतले वय १० ठेवलेले होते. मुलीने ते ओलांडले होते, म्हणून बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. गंभीर दुखापतीचा गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा झाली एक वर्ष सक्तमजुरी. पन्नासांहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज केला, की अशा मुली आम्ही रोज पाहतो. त्यांच्या इजांची वर्णने त्या अर्जात होती. दवाखान्याच्या पडद्याआडची गोष्ट प्रथमच सरकारदरबारी लेखी पोहोचली.

यातून १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर आले. पुण्यात त्या वेळी जो वाद झाला त्याच्या आठवणी पुढे कैक वर्षे निघत असत. रानडे, तेलंग, भांडारकर, आगरकर कायद्याच्या बाजूने. डॉक्टर भांडारकरांनी तर शास्त्रवचनांतूनच दाखवले की कायदा धर्माविरुद्ध नाही. टिळक विरुद्ध बाजूने. टिळकांना मुलींची लहानपणी लग्ने करणे प्रिय होते असे मात्र समजू नये. सुधारकांनी स्वतः सह्या करून मुलीचे लग्न १६च्या आत आणि मुलाचे २०च्या आत करणार नाही असे बांधून घ्यावे, असे त्यांनी सुचवले होते. परक्या सरकारच्या कायद्याला त्यांचा विरोध होता. दोन्हीकडे मोठी माणसे होती. पण वाद झाला तो शास्त्र काय म्हणते आणि सरकारला अधिकार काय यावर. बारा वर्षांच्या मुलीला काय वाटते, हे त्या वादाच्या कोणत्याही सभेत विचारायचे कारण कोणाला दिसले नाही. आणि या कायद्याला 'संमति'वयाचा कायदा म्हणत!

पुढची चाळीस वर्षे वातावरण हळूहळू पालटत गेले. म्हैसूर संस्थानात १८९४ साली ८ वर्षांखालील मुलीच्या लग्नाला बंदी झाली. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०४ साली मुलीचे वय १२ आणि मुलाचे १६ असा कायदा केला. मराठी रंगभूमीवर १८९९ साली देवलांचे 'संगीत शारदा' आले आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीसाठी प्रेक्षक हळहळले. १९२५ साली कायद्याने वय आणखी वर नेले. परंतु खरा फरक पडला तो बायका स्वतः जमू लागल्यावर. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षा होत्या. परिषद भरली होती मुलींच्या शिक्षणासाठी. पण लहानपणी लग्न झालेल्या मुलीला शिकवायचे कसे, हा प्रश्न पहिल्याच दिवसापासून आडवा आला, आणि बालविवाहाविरुद्ध ठराव झाला. आपल्या मंडळासारख्या गावोगावच्या मंडळांची आई म्हणावी अशी ही परिषद आहे.

त्याच वर्षी अजमेरचे हरविलास सारडा यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बिल आणले. सरकारने एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. समितीवर रामेश्वरी नेहरू होत्या आणि एक स्त्री-डॉक्टरही होत्या. समिती गावोगाव फिरली, शेकडो साक्षी घेतल्या. घरात पडद्याआड राहणाऱ्या बायकांचे म्हणणेही ऐकले. १८९१ चा कायदा बहुतेक लोकांना ठाऊकच नाही, असे त्या चौकशीत आढळले. परिषदेच्या बायका दिल्लीला सभासदांच्या घरी जाऊन बसल्या. अखेर सप्टेंबर १९२९ मध्ये कायदा झाला: मुलीचे वय १४, मुलाचे १८, आणि सर्व धर्मांना सारखाच लागू. आपल्याकडे देवलांची शारदा सर्वांच्या तोंडी असल्यामुळे पुष्कळ लोक त्याला 'शारदा कायदा'च म्हणत.

येथे क्षणभर विलायतेकडे पाहू, कारण ही चाल फक्त आपल्याकडचीच असा समज अजून पुष्कळांचा आहे. जे इंग्रज आपल्याला रानटी म्हणत होते त्यांच्या देशात जुन्या धर्मकायद्याप्रमाणे मुलीच्या लग्नाचे किमान वय १२ होते आणि ते १९२९ सालापर्यंत तसेच होते. १९२९ च्याच मे महिन्यात ते १६ झाले. म्हणजे आपला आणि त्यांचा कायदा एकाच वर्षाचा! पुढे ते १८ झाले ते २०२३ साली. अमेरिकेतील डेलावेअर हे १८ वर्षांखालचे लग्न संपूर्ण बंद करणारे तेथले पहिले राज्य, तेही २०१८ साली. अमेरिकेतील कित्येक राज्यांत आईबापांच्या किंवा न्यायाधीशाच्या परवानगीने आजही लहान मुलीचे लग्न लागू शकते. तेव्हा नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि आपल्यालाही दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

सारडा कायद्याचे पुढे काय झाले, ही गोष्ट आपण मंडळातल्या बायकांनी नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कायदा मंजूर झाला १९२९ च्या शरदात, अमलात यायचा होता १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. पाळण्यातल्या पोरींचीही लग्ने उरकली गेली. १९२१ च्या खानेसुमारीत १५ वर्षांखालील विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या; १९३१ ला त्या १ कोटी २० लाखांच्या वर गेल्या. कायदा झाला मुली वाचवण्यासाठी, आणि त्याच्या भीतीने लाखो मुली आणखी लवकर उजवल्या गेल्या!

शिवाय कायद्याचे दात फार बारीक होते. पोलिसाला आपण होऊन लग्न थांबवता येत नव्हते. कोणी तक्रार करायची तर १०० रुपयांचा जामीन लिहून द्यावा लागे. शिक्षा फार तर एक महिना साधी कैद आणि दंड. आणि लग्न एकदा लागले की ते पक्के. दंड भरून बाप मोकळा, मुलगी मात्र बांधलेली. श्रीमंत बाप दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरून ठेवू शकत होता. शेजाऱ्याने तक्रार करावी तर जन्माचे वैर. अशा वेळी तक्रार करतो कोण?

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुलीचे वय १५ झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही १५च ठेवले, आणि १५ ते १८ या वयातल्या मुलीसाठी एक अट घातली, ती पालकाच्या संमतीची. पाहा, संमती हा शब्द पुन्हा आला, पण पालकाची! १९७८ साली मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ झाले आणि पालकाच्या संमतीचे ते कलम गळून पडले. १८ वर्षांची मुलगी स्वतःच सज्ञान, तिला दुसऱ्याची संमती कशाला?

रखमाबाईंच्या प्रश्नाला मात्र वाट हळूहळूच मिळत गेली. १९३९ च्या कायद्याने मुसलमान मुलीला असे सांगितले, की १५ वर्षांच्या आत बापाने किंवा पालकाने लग्न लावले असेल आणि ती नांदलेली नसेल, तर १८ची होण्यापूर्वी ते लग्न नाकारून तिला मोकळे होता येईल. हिंदू मुलीला असा हक्क १९७६ साली मिळाला. तिच्या बाबतीत ती नांदलेली असली तरी चालते असे ठरले. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आला, आणि त्याने सर्वांना मिळून सांगितले, की लहानपणी लग्न झालेली मुलगी २० वर्षांची होईपर्यंत कोर्टात जाऊन "हे लग्न मला मान्य नाही" असे म्हणू शकते, आणि कोर्ट ते लग्न रद्द करते. तिला पोटगी मिळते, मूल झाले असेल तर ते औरसच राहते. लग्न ठरल्याचे आधी कळले तर मॅजिस्ट्रेट ते थांबवू शकतात, आणि मनाई हुकूम मोडून लावलेले लग्न लग्नच ठरत नाही. लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने आणखी एक जुनी फट बुजवली: १८ वर्षांखालील मुलगी बायको असली तरी नवऱ्याला तिच्यावर बळजबरीचा हक्क नाही. फुलमणीच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हे घडले.

आता कोणी म्हणेल, हे सारे झाले, प्रश्न मिटला. तसे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी १८च्या आत लग्न झालेल्या शंभरात २३ निघाल्या. २००५-०६ साली त्या ४७ होत्या, तेव्हा सुधारणा मोठी आहे. पण आपल्या महाराष्ट्रात, जेथे हा सगळा इतिहास घडला, तेथे हा आकडा जवळजवळ २२ आहे. म्हणजे पाचांत एक. साऱ्या जगात दरसाल सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्ने १८च्या आत होतात, असे युनिसेफ सांगते, आणि लहानपणी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश आपल्या देशातल्या आहेत.

कारणे आता शास्त्रवचनांची राहिलेली नाहीत. ती पोटाची आणि भीतीची आहेत. बीडकडच्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल जोडीवर मिळते. एकट्या मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याकडे निघाले की वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायचे कोणाच्या भरवशावर? बरोबर न्यावी तर फडात, खोपीत ती सुरक्षित कशी? शाळा दूर, वसतिगृह नाही. मग आई म्हणते, देऊन टाकू. ती आई निर्दय नसते. बांगलादेशात पूर आल्यावर, पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात दुष्काळ पडल्यावर अशाच आया असेच म्हणतात.

मुलीवर होणारे परिणाम मात्र सर्वत्र सारखेच आहेत. शाळा सुटते. हाडे पुरती वाढण्यापूर्वी बाळंतपण येते. प्रसूती अडते, रक्त कमी पडते, मूल कमी वजनाचे होते. अडलेल्या प्रसूतीत काही मुलींना आतून इजा होऊन लघवी सतत गळू लागते, आणि मग नवराही टाकतो. हातात शिक्षण नाही, पैसा नाही, घरात शब्द नाही. आणि तिच्या मुलीची वेळ आली की पुन्हा तेच. आनंदीबाई जोशींच्या वेळचे दुखणे आणि आजचे दुखणे यांत फरक आहे तो दवाखाना जवळ आला एवढाच.

मग आपण काय करावे? सारडा कायद्याच्या गोष्टीतून एक धडा निघतो: तक्रार करणारे कोणी नसेल तर कायदा कागदावरच राहतो. आज तक्रारीला जामीन लागत नाही. खेड्यात ग्रामसेवकाकडे आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे हे काम सोपवलेले आहे. १०९८ या क्रमांकावर फोन केला तर नाव न सांगताही खबर देता येते. परंतु पोलीस मांडवात शिरण्याच्या कितीतरी आधी आपल्याला कळलेले असते. बस्ता बांधायला कोण गेले, कोणाकडे सुपारी फुटली, आचारी कोणी ठरवला, हे बायकांना आधी कळते. त्याच वेळी दोघीतिघींनी मिळून त्या घरी जावे. भांडायला नव्हे, आईशी बोलायला. मुलीच्या फीची अडचण असेल तर मंडळाच्या शिल्लकेतून काही होईल का पाहावे. आईबाप कामाला बाहेरगावी जाणार असतील तर वसतिगृहाची चौकशी आपण करून द्यावी. लग्न मोडले म्हणून निघून जाणे सोपे आहे. पुढचे वर्षभर त्या मुलीची शाळा चालू आहे ना, हे पाहणे खरे काम आहे.

आणि त्या घरी गेल्यावर एक गोष्ट जरूर करावी. आईशी बोलून झाले, बापाशी बोलून झाले, की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला जवळ बसवून घ्यावे आणि विचारावे, "बाळ, तुला काय वाटते?" ती लगेच बोलणार नाही. खाली मान घालील, पदराच्या किंवा ओढणीच्या टोकाशी चाळा करील. तरी थांबावे. कोर्टाने, सभांनी, समित्यांनी हा प्रश्न विचारायला फार वर्षे लावली. आपल्याला तो आजच विचारता येतो. तिचे उत्तर नाही असे असेल तर त्याच्या पाठीशी सगळे मंडळ उभे आहे, हे तिला आणि तिच्या घराला कळू द्यावे.